नकाशात हिरवं, जागेवर उघडं

नाशिक परिसरातली मातीची धूप मोजायची म्हटलं की आपण यूएसएलई समीकरण उचलतो. विशमायर आणि स्मिथ यांचं 1978 चं हे समीकरण मुळात अमेरिकन शेतांसाठीचं. त्यातला ‘सी’ म्हणजे जमिनीवरचं आच्छादन. घोळ इथेच होतो. प्लॉटिंगसाठी टेकडी कापली की उपग्रहाच्या वर्गीकरणात ती जागा ‘बांधीव’ ठरू शकते. बांधीवला सी जवळपास शून्य, म्हणून नकाशात हिरवा रंग. उघड्या मुरमाला तो 1 च्या आसपास हवा! ब्रह्मगिरीच्या ज्या खोदकामावरून 2021 मध्ये वाद पेटला, तसला उतारही असा ‘सुरक्षित’ दिसेल.

शिवाय हे समीकरण उतारावरून सुटलेली माती सांगतं, वाटेत साचलेली नाही. तरी ‘इतके टन गोदावरीत’ असं बिनधास्त छापलं जातं. नांदूरमध्यमेश्वरला बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळातूनच पाणथळ घडलं, 2020 मध्ये रामसर यादीतही आलं. गाळ असा मध्येच थांबतो.

माझ्या पहिल्या मसुद्यातही बांधीवला शून्यच होतं. मग पहिल्या पावसात एका लेआउटखालच्या नाल्याचं पाणी बाटलीत भरलं. दुधाच्या चहासारखं होतं. आता ‘खोदकाम चालू’ हा वर्ग वेगळा ठेवलाय.