रघुनाथरावाचा दोष : रंगभूमीवरील आणि मावळातील

मराठी ऐतिहासिक वाङ्मयात रघुनाथराव पेशव्याइतका वारंवार आरोपी म्हणून उभा केला गेलेला राज्यकर्ता क्वचितच आढळेल. पेशवा हा छत्रपतींचा मुख्य प्रधान, म्हणजे आजच्या परिभाषेत शासनप्रमुख. अशा पुरुषाचे मूल्यमापन करताना त्याचे कौटुंबिक वर्तन आणि त्याने अधिकाराच्या नावाने केलेली कृत्ये यांत विवेक राखावा लागतो. हा विवेक मराठी नाटक-कादंबरीने कितपत राखला, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

रघुनाथरावाच्या कारकिर्दीचा आरंभ कोणासही हेवा वाटावा असा होता. १७५८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मराठी फौजा लाहोरात पोहोचल्या. पुढे पुतण्याशी त्याचे वितुष्ट आले. १७६२ मध्ये निजामाच्या साहाय्याने त्याने माधवरावावर मात केली, परंतु १७६८ मध्ये धोडप येथे पराभूत होऊन तो शनिवारवाड्यात नजरकैदेत पडला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणरावाचा वध केला व रघुनाथराव पेशवेपदी आला. येथपर्यंतचा भाग प्रत्येक मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे, आणि तो परिचय मुख्यतः ललित वाङ्मयानेच करून दिला आहे.

विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) हे नाटक व रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) ही कादंबरी, या दोन्ही कृती माधवरावाच्या मृत्यूपाशी, म्हणजे १७७२ पाशी थांबतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’च्या (१९०९) केंद्रस्थानी नारायणरावाचा वध आणि रामशास्त्री प्रभुणे यांची न्यायनिष्ठा आहे. या प्रसंगांचे नाट्य निर्विवाद आहे. तथापि, त्यांतून उभा राहणारा रघुनाथराव हा प्राधान्याने काका आणि पती आहे. तो चंचल, रागीट व पत्नीच्या आहारी गेलेला दिसतो. राज्यकर्ता म्हणून तो क्वचितच दिसतो.

‘ध’चा ‘मा’ केल्याच्या आख्यायिकेने तर या चित्राला विलक्षण वळण दिले. ‘धरावे’ या शब्दाचे ‘मारावे’ असे रूपांतर आनंदीबाईने केले, ही कथा लोकप्रिय असली तरी तिला निर्णायक पुरावा नाही. वाङ्मयदृष्ट्या तिचा परिणाम मात्र मोठा झाला. एका अक्षराच्या फेरफाराने मुख्य अपराध स्त्रीच्या माथी गेला आणि पुरुषाच्या वाट्याला केवळ दुर्बलता उरली. दुर्बलतेविषयी प्रेक्षकाला कीव येते. तिचा हिशेब तो मागत नाही.

हा हिशेब ज्या कृत्याबद्दल मागावयास हवा, ते शनिवारवाड्याबाहेर घडले. बारभाईंनी पदच्युत केल्यावर मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावाने सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह केला. लष्करी मदतीच्या मोबदल्यात त्याने साष्टी व वसई देऊ केली. परकीयांशी बोलणी करणे हाच अपराध मानला, तर १७७७ मध्ये सेंट ल्युबिन या फ्रेंचाचे स्वागत करणारे पुणे दरबारही दोषमुक्त ठरणार नाही. रघुनाथरावाचा दोष याहून नेमका आहे. वैयक्तिक गादीची किंमत म्हणून त्याने राज्याची भूमी मांडली. या दस्तऐवजात कोणी अक्षर बदलल्याची आख्यायिका नाही.

त्या तहाची परीक्षा मावळात झाली. सुमारे चार हजारांची इंग्रज फौज, तिच्यासमवेत सुमारे एकोणीस हजार बैल आणि रघुनाथराव, असा लवाजमा बोरघाट चढून आला. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. तो ‘इष्टुर फाकडा’ या नावाने लोकस्मृतीत राहिला. ९ जानेवारीस फौज तळेगावी पोहोचली, तो गाव जाळून ओस केलेले. पुढे सोमाटण्यावरून पुण्याकडे जाणारी वाट होती, आणि प्रसंग आल्यास चिंचवड व पुणेही जाळण्याची मराठ्यांची सिद्धता होती. सरदार आपणास येऊन मिळतील, हा रघुनाथरावाचा भरवसा फोल ठरला. फौजेने अवजड तोफा तळ्यात टाकून माघार घेतली व वडगाव येथे करार पत्करला. स्वतः रघुनाथराव महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाला, पण वाटेत निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्याला दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक मिळाली. वसई परत आली, पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगाव येथे त्याचा अंत झाला.

युरोपातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. जर्मन अंमलाखालील फ्रान्सचा शासनप्रमुख पिएर लाव्हाल याच्यावर १९४५ मध्ये देशद्रोहाचा खटला झाला व त्याला गोळ्या घालण्यात आल्या. खटला इतका घाईचा व पक्षपाती होता की त्याच्या धोरणाची साधकबाधक छाननी न्यायासनासमोर झालीच नाही. ते काम पुढे इतिहासकारांना करावे लागले. न्यायासनाची घाई आणि रंगभूमीचा गृहकलहावरील भर ही कारणे भिन्न असली, तरी परिणाम सारखाच होतो. निकाल लागतो, पण प्रश्न तसाच राहतो.

रामशास्त्र्यांनी दिलेला निर्णय एका खुनाविषयीचा होता, आणि नाटककारांनी त्याला योग्य तो मान दिला. परंतु मावळातील ग्रामस्थांनी आपली घरे जळताना पाहिली ती त्या खुनामुळे नव्हे, तर सुरतेच्या तहामुळे. त्या तहाचा कर्ता म्हणून रघुनाथरावाकडे पाहणारी समर्थ नाट्यकृती जोवर लिहिली जात नाही, तोवर त्याचे मराठी वाङ्मयातील चरित्र अपुरेच म्हणावे लागेल. अशा कृतीत आनंदीबाईच्या माथ्यावरील ओझे कदाचित हलके होईल, रघुनाथरावाचे मात्र अधिक जड होईल. न्यायाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी इष्टच आहेत.