चिंचवडकर देव: एका आडनांवाची छाननी

चिंचवड येथील मोरया गोसावी यांच्या वंशजांस ‘देव’ हें आडनांव कसें प्राप्त झालें, या प्रश्नास एकच उत्तर वारंवार दिलें जातें. मोरया गोसावी यांचे पुत्र चिंतामणि यांचे ठायीं तुकारामबोवांस साक्षात् गणपति दिसला, त्यांनीं ‘देव’ म्हणून हांक मारली, आणि मूळचें शाळिग्राम हें आडनांव मागें पडलें, असें तें उत्तर होय. भाविकांस ही कथा प्रिय असावी हें योग्यच. परंतु आडनांवाचा पुरावा म्हणून ती ग्राह्य धरतां येत नाहीं.

या उभयतांच्या भेटीची कथा महिपतीच्या भक्तलीलामृतांत आहे. ग्रंथ 1774 सालचा, म्हणजे शके 1571 मधील तुकारामबोवांच्या निर्याणानंतर सुमारें सव्वाशें वर्षांचा. शिवाय तेथें कथेचा रोख निराळाच आहे. भोजनप्रसंगीं विठ्ठल व गणपति यांकरितां दोन पानें मांडविलीं जातात, आणि थोरवी सिद्ध होते ती तुकारामबोवांची. नामकरण हा त्या कथेचा विषयच नव्हे. रूढ झालेल्या नांवास मागाहून कथा जोडणें हा आमच्या स्थलपुराणांचा नित्याचा व्यवहार आहे!

संस्कृत नाटकांत सेवकजन राजास ‘देव’ असें संबोधितात. देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाचें आडनांव ‘देव’ होतें असें कोणी म्हणत नाहीं. म्हणजे नांवापुढें हा शब्द दिसतांच अवतार समजावा असें नाहीं, आणि आडनांव समजावें असेंही नाहीं. याच घराण्यांतील ‘गोसावी’ हा शब्दही ‘गोस्वामी’पासून आलेला, मूळचा पदवीवाचकच.

इंग्रज लेखकांनीं या शब्दाचा अर्थ अक्षरशः घेतला. एडवर्ड मूर यानें 1801 सालीं ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडांत चिंचवडच्या वंशपरंपरागत सजीव दैवताचा वृत्तांत दिला, 1809 सालीं मारिया ग्रॅहॅम ही बाई तेथें जाऊन आली व तिनेंही तसेंच लिहिलें. त्यांस हंसण्याचें कारण नाहीं. संप्रदायच सात पिढ्या अवतार मानीत होता. परंतु हा शब्द पदवीचा कीं कुळाचा, हा प्रश्न त्यांस पडला नाहीं.

आमच्या मतें निर्णायक गोष्ट 1810 सालची आहे. त्या वर्षीं सातवा पुरुष निपुत्रिक वारला आणि अवतारपरंपरा खुंटली, असें मानिलें जातें. ‘देव’ हें केवळ देवत्वाचें अभिधान असतें, तर तें तेथेंच संपावयास पाहिजे होतें. तें संपलें नाहीं. संस्थान व इनामें चालविणाऱ्या पुढील मंडळींकडे तें गेलें, आणि कारखान्यांनीं वेढलेल्या आजच्या चिंचवडांतही तें नांदत आहे. गादीवरील पुरुषाची पदवी कुळाची झाली होती, हेंच यावरून दिसतें. लॉरेन्स प्रेस्टन यांनीं 1989 च्या आपल्या ग्रंथांत या घराण्याचा व राज्यसत्तेचा संबंध तपासला आहे. आडनांवाचा विचारही कथेपेक्षां इनामांच्या कागदांवरून व्हावा.

संग्राहकांस यांत एक व्यावहारिक अडचण आहे. ‘देव’ एवढ्याच शब्दावरून कागद चिंचवडच्या दप्तरांत घालणें धोक्याचें. धुळ्यास समर्थ वाग्देवता मंदिर स्थापणारे शंकर श्रीकृष्ण देव केवळ आडनांवानें चिंचवडच्या कुळांतले ठरत नाहींत; शोभाबाजारचे राजा नवकृष्ण देव तर बंगाली कायस्थ. रोमन लिपींत हें नांव ‘देओ’, ‘देव’, ‘देब’ असें तीन तऱ्हांनीं लिहिलें गेल्यानें याद्यांतील घोंटाळा वाढतो. म्हणून नोंद करतांना गांव, पित्याचें नांव व इनामाचें गांव हीं तीनही उतरून घ्यावीं, आणि मूळ कागदांत ‘देव’ हा शब्द नांवास जोडून आला आहे कीं स्वतंत्र, तेंही जसेंच्या तसें लिहावें.