दुकान जवळ आले, पण...

गरीब वस्त्यांत लठ्ठपणा आणि मधुमेह अधिक का आढळतात? अमेरिकेत या प्रश्नाचे एक सोपे उत्तर बरीच वर्षे दिले जात आहे: तेथे ताजी भाजी, फळे मिळत नाहीत. अशा वस्तीला ‘अन्नाचे वाळवंट’ म्हणतात. शहरात मोठे किराणा दुकान घरापासून एक मैलाहून, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरहून दूर असणे ही त्याची नेहमीची खूण. कल्पना आकर्षक आहे, कारण ती नकाशावर दाखवता येते. आम्हांला मात्र ती अपुरी वाटते.

फिलाडेल्फियातील एका वस्तीत असे दुकान उघडले. त्याच्या परिणामांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ताजे अन्न मिळणे सोपे झाले, असे लोकांना वाटू लागले होते. पण त्यांचे फळे-भाज्या खाणे वाढले नव्हते आणि लठ्ठपणाही घटला नव्हता. दुकान उघडून तेव्हा फार काळ लोटला नव्हता, हेही ध्यानात घ्यावे.

मग वस्तीचा आरोग्याशी संबंधच नाही काय? तसे नाही. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकेतील पाच शहरांत, सरकारी वसाहतींतील गरीब कुटुंबांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडले गेले. एका गटाला कमी गरिबीच्या वस्तीत घर भाड्याने घेण्यासाठी मदत मिळाली, दुसऱ्याला नाही. दहा-पंधरा वर्षांनी त्यांतील स्त्रियांची तपासणी झाली. तीव्र लठ्ठपणा मदत न मिळालेल्या गटात ३५.५ टक्के, तर मिळालेल्या गटात ३१.१ टक्के स्त्रियांत आढळला. मधुमेहाचे प्रमाणही कमी होते. मदत मिळालेल्या सर्वांनी घर बदलले नव्हते, तरीही हा फरक पडला.

या कुटुंबांना घर का बदलायचे होते? बहुतेकांचे मुख्य कारण होते गुंडांच्या टोळ्या आणि अमली पदार्थ. नव्या वस्तीत सुरक्षितता, शेजार, दुकाने असे बरेच काही एकदम बदलले. त्यांपैकी नेमके काय उपयोगी पडले, हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. ‘वाळवंटा’ची कल्पना मात्र त्यांतले अंतर तेवढे उचलते, आणि आमचा आक्षेप यालाच आहे.

आपल्या आरोग्याच्या धड्यातही ‘पालेभाज्या खा, मैदानावर खेळा’ एवढे सांगून आपण थांबतो. मुलांना विचारून पाहावे: मैदान किती दूर आहे? वाटेतला रस्ता एकट्याने ओलांडता येतो का? संध्याकाळी दिवे असतात का? मुलींना जाऊ देतात का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पावले मोजून मिळेल. बाकीची वर्गात ऐकावी, लिहून घ्यावी आणि मगच धडा पुढे न्यावा.