काडतुसाची निवड आणि शिकारलेखनाची नीती : मुंबईशी निगडित दोन ग्रंथांच्या आधारे एक विचार

प्रस्तावना

शिकारविषयक लेखनाची चर्चा करताना आपली समीक्षा सामान्यतः तीन गोष्टींकडे लक्ष देते : निसर्गवर्णन, उत्कंठा आणि शिकाऱ्याचे धैर्य. पुढे त्याने बंदूक खाली ठेवली असेल, तर त्या हृदयपरिवर्तनाची नोंद होते. व्यंकटेश माडगूळकरांचा शिकारीकडून निरीक्षणाकडे झालेला प्रवास आपण याच रीतीने वाचत आलो आहोत. हे वाचन चुकीचे नाही. मात्र त्यात एक प्रश्न सुटतो. बंदुकीत भरले होते काय, आणि तेच का?

वरवर पाहता हा प्रश्न तांत्रिक वाटतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की शिकारीतील नैतिक निर्णयाचा मोठा भाग चाप ओढण्यापूर्वी, काडतूस निवडतानाच घेतला जातो. म्हणून शिकारलेखनाचे मूल्यमापन करताना ही निवड समीक्षेच्या कक्षेत यावयास हवी. यासाठी दक्षिण मुंबईशी निगडित असे दोन इंग्रजी ग्रंथ विचारात घेतले आहेत : ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९४४ मध्ये मुंबईहून प्रसिद्ध केलेले जिम कॉर्बेट यांचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’, आणि गिरगावातील खेतवाडीत वाढलेल्या डॉ. सालिम अली यांचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ (१९८५) हे आत्मचरित्र.

एक शब्द, अनेक अर्थ

मराठीत काडतूस, बार, छर्रा, ठासणीची बंदूक, दुनळी असे नेमके शब्द आहेत. तरीही कथनात बहुधा सर्वांची जागा ‘गोळी’ हा एकच शब्द घेतो. ‘गोळी लागली, जनावर कोसळले’ या वाक्यात गोळीची जात कळत नाही. आणि जनावराच्या वाट्याला कसले मरण आले, हे तर त्या जातीवरच अवलंबून असते.

ढोबळमानाने रायफलच्या गोळ्या दोन प्रकारच्या. एकीच्या टोकाशी शिसे उघडे असते. शरीरात शिरताच ती पसरते आणि रुंद जखम करून जनावर लवकर पाडते. दुसरी पूर्णपणे धातूच्या कवचात असते. ती न पसरता खोल जाते. आफ्रिकेच्या माळरानावरील शिकारीत या भेदाची कसोटी लागते. तेथे सुमारे ४० किलो वजनाचा स्प्रिंगबक आणि ७०० किलोंहून भारी होऊ शकणारा ईलँड एकाच प्रदेशात आढळतात. हलक्या हरणावर कवचबंद गोळी झाडली तर ती आरपार निघून जाते; जनावर पळते आणि कोठेतरी दूर, कदाचित दिवसांनंतर मरते. उलट ईलँडच्या खांद्यावर हलकी व अतिवेगवान मऊ गोळी वरच फुटण्याचा संभव असतो. प्राणांतिक इंद्रियापर्यंत ती पोहोचतच नाही. आपल्याकडील काळवीट आणि नीलगाय यांच्या बाबतीतही प्रश्न हाच होता.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. १८९९ च्या हेग घोषणेने माणसांच्या युद्धात पसरणाऱ्या गोळ्या निषिद्ध ठरविल्या. कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्याचे नाव त्या गोळ्यांना कायमचे चिकटले. याउलट ब्रिटनच्या १९९१ च्या हरणविषयक कायद्यानुसार हरणासाठी रायफल वापरायची असेल, तर गोळी पसरणारीच हवी. रणांगणावर जी क्रूरता, ती रानात करुणा ठरते. कारण सैनिकाला जायबंदी करून युद्धाचा हेतू साधतो, जनावराला जायबंदी करून शिकारीचा कोणताही हेतू साधत नाही.

कॉर्बेट : जखमेचा इतिहास

कॉर्बेट यांचे पुस्तक साहसकथा म्हणून वाचले जाते. त्याचा गाभा मात्र जखमेच्या कार्यकारणभावात आहे. वाघ नरभक्षक का होतो, या प्रश्नाला आरंभीच त्यांनी दिलेल्या उत्तरात निष्काळजीपणे झाडलेली गोळी आणि जखमी जनावराचा माग न घेणे हे एक प्रमुख कारण आहे. ४३६ बळी घेणाऱ्या चंपावतच्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे जुन्या गोळीने मोडलेले होते. म्हणजे त्या कथेतील पहिला अपराधी वाघीण नव्हे. तो एक अनाम बंदूकधारी आहे. त्याची गोळी लागली, पण पुरली नाही.

हाच निकष कॉर्बेट स्वतःलाही लावतात. १९०७ साली याच वाघिणीच्या हाक्याला त्यांनी मोजकी तीनच काडतुसे नेली होती. ती संपल्यावर तहसीलदाराची मोडकळीस आलेली बंदूक आणण्यासाठी त्यांना धावावे लागले. पराक्रमाच्या कथेत हा तपशील गाळता आला असता. तो राहिला, म्हणून कथन विश्वसनीय होते.

या कामगिरीनंतर त्यांना भेट मिळालेली ०.२७५ रिग्बी रायफल तुलनेसाठी उपयुक्त आहे. याच मापाच्या काडतुसाने आफ्रिकेत ‘करामोजो’ बेल यांनी कवचबंद, लांब गोळ्या वापरून शेकडो हत्ती मारले. त्यांची भिस्त गोळीच्या आकारावर नसून हत्तीच्या शरीररचनेच्या ज्ञानावर होती. काडतूस एकच, परंतु गोळी वेगळी, ज्ञान वेगळे आणि हेतूही वेगळा. तेव्हा केवळ रायफलचे नाव सांगणारे लेखन अर्धेच सांगते.

सालिम अली : नमुन्याची नीती

खेतवाडीतील मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढलेल्या सालिम अलींच्या हाती प्रथम आली ती हवेची बंदूक. तिने पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन ते १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड यांच्याकडे गेले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्याहून अर्थपूर्ण आहे बालपणीची दुसरी नोंद : तबेल्यातील घरट्यावर सात दिवसांत त्यांनी आठ चिमणे मारले आणि प्रत्येक वेळी मादीने नवा जोडीदार आणला. मुलाचा खेळ आणि संशोधकाचे निरीक्षण येथे एकाच छर्ऱ्याच्या दोन बाजू होतात.

पुढे पक्षिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी नमुने गोळा करण्याचे समर्थन केले. नमुन्यासाठीचा छर्रा बारीक लागतो, कारण जाड छर्ऱ्याने कातडे व पिसे फाटतात. म्हणजे येथे निवडीचा निकष जनावराची वेदना नसून वस्तूची अखंडता आहे. ज्ञानासाठी हे आवश्यक होते असे मानले, तरी हा निकष कॉर्बेट यांच्याहून भिन्न आहे, हे समीक्षकाने नोंदविले पाहिजे. हवेच्या बंदुकीचा छर्रा, नमुन्याचा बारीक छर्रा आणि रायफलची गोळी या तिघांना एकच शब्द वापरला, की हा भेद दिसेनासा होतो.

एक आक्षेप

काडतुसांच्या तपशिलाचा आग्रह धरल्यास शस्त्रपूजक लेखनाला प्रतिष्ठा मिळेल, असा आक्षेप संभवतो. मापे, वेग आणि वजने यांची जंत्री देणारे पुष्कळ लेखन त्याला पुष्टीही देते. म्हणून तपशील पुरेसा नाही. तो परिणामाशी जोडलेला हवा. गोळीनंतर जनावराचे काय झाले, हे लेखक सांगतो काय?

हा परिणाम जनावरापाशीही थांबत नाही. शिशाच्या गोळीचे सूक्ष्म तुकडे मृतदेहात उरतात आणि मांसभक्षक पक्ष्यांना विषबाधा होते. याच कारणाने कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडांसाठी २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आली. युरोपीय संघाने पाणथळ जागी शिशाचे छर्रे २०२३ पासून निषिद्ध केले. कॉर्बेट यांना जखमी वाघ दिसला. त्यापुढचे गिधाड दिसण्यास आणखी काळ जावा लागला.

समारोप

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हौशी शिकार संपली. तरी प्रश्न संपला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगाय उपद्रवी घोषित झाली, आणि जून २०१६ मध्ये मोकामा परिसरात दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या. त्यावरील वाद प्रामुख्याने मारावे की मारू नये, या भूमिकांत विभागला. मारावयाचेच ठरले तर कशाने, कोणी आणि जखमी जनावराचा माग कोण काढणार, हे प्रश्न मागे पडले.

शिकारलेखन शिकविताना विद्यार्थ्यांपुढे तीन प्रश्न ठेवावेत : बंदुकीत काय होते, ते का निवडले, आणि त्यानंतर काय झाले. या तिन्हींची उत्तरे देणारा लेखक आपल्या कृतीची जबाबदारी घेतो. केवळ ‘गोळी लागली’ असे लिहिणारा ती टाळतो, मग त्याचे निसर्गवर्णन कितीही रसाळ असो.