नवस जुना, जावई नवा

‘नवरा माझा नवसाचा 2’ बघून आलेल्या माणसाला आमच्या खारबावात एकच प्रश्न विचारायचे. “पहिल्यासारखा हाय का?” चांगला आहे का, हसू आलं का, हे नंतर. आधी पहिल्यासारखा आहे का ते सांगा. मला हा प्रश्नच वाकडा वाटतो. पहिल्यासारखाच पाहिजे तर पहिला घरात आहे, टीव्हीवर दर दोन महिन्यांनी लागतो, तो बघावा. दुसऱ्याला तिकीट काढून गेलो ते दुसरा काय सांगतो ते बघायला.

पहिला भाग 2004 सालचा. सचिन पिळगांवकर आणि सुप्रिया नवरा-बायको, वॅकी आणि भक्ती. बापानं नवस बोलून ठेवलेला, पोरगा झाला तर त्याला नागडा गणपतीपुळ्याला आणीन. बापाच्या हातून नवस फिटला नाही, आणि पोरगा तर बापई माणूस होऊन बसला. आता नवस फेडायचा कसा? ह्या एका लाजेवर सगळा सिनेमा उभा. बाकी सगळं एसटीत. प्रत्येक सीटवर एकेक नग बसवलेला आणि त्या सगळ्यांचा मालक म्हणजे कंडक्टर अशोक सराफ. दुसरा भाग आला 20 सप्टेंबर 2024 ला, बरोबर वीस वर्षांनी, गणपती नुकतेच गेले होते तेव्हा. आता त्या दोघांची लेक लग्नाची झाली. लेक हेमल इंगळे, जावई स्वप्निल जोशी. पुन्हा गणपतीपुळं, पण या वेळी कोकण रेल्वेनं. अशोक सराफ कंडक्टरचे टीसी झाले. सोबतीला निर्मिती सावंत, वैभव मांगले, सिद्धार्थ जाधव अशी दुसरी मोट बांधली.

बघून आलेले बहुतेक जण नव्यांवर घसरले. “त्या जावयात दम नाय.” “पोरगी बरी हाय, पण सुप्रियाची सर नाय.” हा न्याय मला पटला नाही. जरा हिशेब करू. पहिला भाग आला तेव्हा सचिन 47 वर्षांचे होते. दुसरा आला तेव्हा स्वप्निल जोशींना 47 वं चालू होतं. म्हणजे जावई काही कोवळा पोऱ्या नव्हे, सासऱ्यानं जेवढ्या वयात पहिला सिनेमा ओढला तेवढंच त्याचं वय. आणि सचिनच्या हाताखाली तो नवाही नाही, 2008 च्या ‘आम्ही सातपुते’मध्ये होताच. मग कमी कुठं पडलं? वयात नाही, अंगात नाही. कामात पडलं. त्याला करायला काय दिलं होतं ते बघा.

भातलावणी केलेल्याला मी सांगतो ते लगेच कळेल. राबातनं आवण उपटून चिखलात लावलं की आठ दिवस ते पिवळं पडतं, मान टाकतं. नवखा माणूस बघून म्हणेल, मेलं. मेलेलं नसतं, मूळ धरत असतं. आठवड्यानं बांधावर जा, हिरवंगार. पण त्या आठ दिवसांत त्याच्या डोक्यावर दुसऱ्या कशाची सावली नको, पाणी बेताचं पाहिजे. जुन्या नाटका-सिनेमात नवा नट आणला की त्यालाही ते आठ दिवस लागतात. पडद्यावरचे आठ दिवस म्हणजे सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं. त्या वेळात नव्या जोडीला एकटं सोडायला हवं होतं. त्यांचं भांडण, त्यांचा लाडीगोडीचा सूर, त्यांची खोड आपल्याला कळायला हवी होती. इथं सासू-सासरे फ्रेममधून हलत नाहीत. लेक-जावई बोलायला लागले की आपली नजर आपोआप जुन्यांकडे जाते, कारण त्यांच्याशी आपली वीस वर्षांची ओळख. आमच्या घरच्यांनी बाहेर आल्यावर एका वाक्यात निकाल दिला, “जावय लय गोड हाय, पन त्याला काय कामच नाय दिलं. लग्नात आलेल्या जावयासारका नुसता बसवून ठेवला.”

आता गाडीचं. माझ्या मते खरा घोटाळा नटांपेक्षा इथं आहे.

एसटी ही विनोदाला केवढी सोयीची जागा आहे! एकच दार. एकच घंटीची दोरी. चढला तो उतरेपर्यंत अडकला. पुढच्यानं डबा उघडला तर मागच्याला वास, मागचा भांडला तर ड्रायव्हरच्या कानावर. आणि कंडक्टर? तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथंच. सुट्टे पैसे त्याच्याकडे, सीट देणं त्याच्याकडे, गाडी हॉटेलला कधी थांबायची आणि कधी सुटायची तेही त्याच्या मनावर. आमच्या अंजूरफाटा-चिंचोटी रस्त्यावर मी आयुष्यभर एसटीत उभ्यानं प्रवास केला, त्यामुळे सांगतो, अशोक सराफांनी तो कंडक्टर नुसता अभिनयानं नाही उभा केला, त्या कंडक्टरला खरोखरीची सत्ता होती. सत्ता असलेला माणूस गोंधळला की हसू येतं.

टीसीचं तसं नाही. टीसी डब्यात येतो, तिकीट बघतो, पुढं जातो. जाणं हेच त्याचं काम. तो एका डब्यात रेंगाळला की प्रेक्षकाला वाटतं, ह्याला लेखकानं धरून ठेवलाय. अशोक सराफ पहिल्या भागात 57 वर्षांचे, दुसऱ्यात 77. आवाजातली धार तीच, नजरेनं वाक्य मारायची कला तीच. 2023 चा महाराष्ट्र भूषण त्यांना मिळाला तो काही उगाच नाही. पण कंडक्टरची चामड्याची बॅग काढून टीसीचा काळा कोट चढवला आणि माणूस तोच ठेवला, तरी पायाखालची जागा बदलली. जागा बदलली की विनोद नव्यानं पेरावा लागतो. शिवाय रेल्वे गणपतीपुळ्याला जातच नाही. रत्नागिरीला उतरायचं आणि पुढं रस्त्यानं जायचं. एसटी देवाच्या दारात नेऊन सोडते. नवसाची गोष्ट तिकडंच संपायची असते, त्यामुळे पहिल्या भागात प्रवास आणि नवस एका सुतात होते. दुसऱ्यात ते सूत मध्येच तुटतं.

नटसंच बदलणं हे मराठी माणसाला नवं नाही. नाटकात तर ते रोजचं. ‘मोरूची मावशी’ मी ठाण्याच्या गडकरी रंगायतनला विजय चव्हाणांची बघितली. पुढं भरत जाधव मावशी झाले. अत्र्यांची संहिता घट्ट, लुगडं नेसवून कुणालाही उभा केला तरी पहिली हशा तिची तीच देते. ‘वस्त्रहरण’चं तर आणखी मजेशीर. मच्छिंद्र कांबळी 2007 साली गेले, तेव्हा वाटलं होतं आता तात्या सरपंच संपला. पण गंगाराम गवाणकरांनी नाटकच असं लिहिलंय की गावकऱ्यांना नाटक जमत नाही हीच त्यातली गंमत. नवा नट बिचकला तरी त्यात खपून जातो, उलट बिचकला तर बरं.

सिनेमात हे चालत नाही. सिनेमात भूमिका कागदावर राहत नाही, तोंडाला चिकटते. म्हणून महेश कोठाऱ्यांनी ‘झपाटलेला 2’ काढला तेव्हा शहाणपणा केला. 1993 च्या पहिल्यात लक्ष्या, 2013 मध्ये लक्ष्या राहिला नव्हता. त्याची जागा त्यांनी कुणालाच दिली नाही. लक्ष्याच्या पोराची भूमिका लिहिली आणि ती आदिनाथ कोठारेला दिली. तात्या विंचू मात्र तोच, रामदास पाध्यांचा बाहुला. बाहुल्याला वय नसतं, हा त्यातला फायदा. ‘दे धक्का’मध्ये 2008 ची नाचणारी पोरगी गौरी वैद्य होती, 2022 च्या दुसऱ्या भागात तिथं गौरी इंगवले आली. आमच्यात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पोरगी मोठी झाली, बदलली, असं लोकांनी मनात धरलं. पण तो सिनेमा लंडनला गेला आणि धक्का मारायची गाडी मागं राहिली, ह्याची चुटपुट सगळ्यांना लागली. म्हणजे बघा, लोकांना माणूस बदलल्यापेक्षा गाडी बदललेली जास्त लागते. फक्त तोंडानं ते तसं सांगत नाहीत.

आमच्या गावात हनुमान जयंतीच्या रात्री नाटक व्हायचं, अजून कधीमधी होतं. त्यात तलाठ्याचं काम माझा एक चुलता करायचा. काखेत दप्तर, एक पाय ओढत चालायचं, आणि “उद्या या” हे दोन शब्द. बस्. तेवढ्यावर लोक गडाबडा लोळायचे. चुलता वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या पुतण्याला उभं केलं. पोरानं महिनाभर मेहनत केली, पाय ओढला हुबेहूब, आवाज हुबेहूब. त्या रात्री कुणी हसलं नाही. पुढं बसलेल्या बायकांत एकदोघींनी पदर डोळ्याला लावला. पोराला वाटलं आपण पडलो. नाटक बसवणाऱ्या मास्तरानं त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, “तू काकाचं सोंग काढलंस. तुला तलाठ्याचं काढायचं व्हतं.”

पुढच्या वर्षी तो मोटारसायकलवर बसून रंगमंचावर आला. दप्तर नाही, पाय ओढणं नाही. हातात मोबाईल. कुणी सातबारा मागितला की वर न बघता म्हणायचा, “सर्व्हर डाऊन हाय.” काय हशा झाला! कारण पुढं बसलेल्या निम्म्या माणसांनी त्याच आठवड्यात सातबाऱ्यासाठी हेलपाटे घातलेले. त्या वर्षांत गोडाऊनसाठी जमिनी धडाधड जात होत्या. कुणाच्या उताऱ्यावर मेलेल्या आजाचं नाव, कुणाच्या उताऱ्यावर न बघितलेल्या माणसाचं. भावाभावांत बोलणं बंद. जवळजवळ बसलेले दोन भाऊ, जे वर्षभर एकमेकांच्या दारात गेले नव्हते, ते त्या “सर्व्हर डाऊन”ला एकदम हसले आणि हसता हसता एकमेकांकडे बघून गप झाले. दुसऱ्या दिवशी काही मिटलं नाही, कोर्टातली केस अजून चालूच आहे. पण त्या रात्री तलाठी आमचा होता, काकाचा नव्हता.

सचिनच्या सिनेमात मी हेच शोधत होतो. 2004 चा नवस आणि 2024 चा नवस ह्यांत काही फरक पडला का? जावयाच्या पिढीची लाज वेगळी आहे. वॅकीला लाज कशाची, तर चार माणसं बघतील याची. आजच्या पोराला चार माणसं चालतात, पण एकानं मोबाईल काढला तर संपलं, सकाळपर्यंत जगभर. केवढा मोठा विनोद होता त्यात, आणि केवढी भीती! जावयाला ती भीती नीट धरून दिली असती तर स्वप्निल जोशीनं सिनेमा सासऱ्याच्या हातातनं काढून घेतला असता. त्याच्या डोळ्यांत ती ताकद आहे, घाबरलेला माणूस त्याला छान येतो. इथं त्याला जुन्या गमतीची री ओढायला लावली.

नात बरोबर होती, आठवीतली. तिनं पहिला भाग नीट बघितलेला नव्हता. मध्यंतरात म्हणाली, “आजोबा, तुम्ही विनोद व्हायच्या आधीच हसताय.” खरं होतं. अशोक सराफांनी नुसतं टोपीला हात लावला की आमच्या रांगेतले पन्नाशीच्या वरचे सगळे हसत, आणि पोरं इकडंतिकडं बघत, काय झालं म्हणून. आम्ही वीस वर्षांपूर्वीचं हसत होतो. ती मात्र कुठं हसली ते मी नीट बघून ठेवलं. जिथं हेमल इंगळे आणि स्वप्निल दोघंच होते आणि एकमेकांचं बोलणं तोडत होते तिथं, आणि सिद्धार्थ जाधवच्या अंगविक्षेपाला. म्हणजे बी उगवण्याजोगं होतं. पेरणी दाट झाली.

तरी सिनेमा वाईट म्हणणार नाही. घरातल्या सगळ्यांनी एका रांगेत बसून बघावा असा आहे, कुणाला मान खाली घालावी लागत नाही, आणि नागडेपणाच्या नवसावर उभी असलेली गोष्ट इतकी सोवळी ठेवणं हे सोपं काम नव्हे. सुप्रियाताईंचं टायमिंग अजून सुरीसारखं आहे. फक्त पहिला भाग मी सातव्यांदा बघेन, दुसरा दुसऱ्यांदा बघेन का ते सांगवत नाही.

तिसरा काढलाच तर माझी एक सूचना आहे. गाडी रेल्वेचीच ठेवायची असेल तर रिझर्वेशनचा डबा सोडा. आमच्या खारबाव स्टेशनवरून वसई-दिवा लाइनीनं गणपतीच्या जादा गाड्या कोकणात जातात. थांबत नाहीत, पण फाटकाशी उभं राहिलं की आतलं सगळं दिसतं. जनरल डब्यात संडासाच्या दारापर्यंत माणसं, मांडीवर पोरं, पोरांच्या डोक्यावर पिशव्या, एकाची कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. तिथं चढलेला माणूस रत्नागिरीशिवाय हलत नाही. त्या डब्यात नव्या जोडीला आधी चढवा, सासू-सासऱ्यांना चुकून पुढच्या डब्यात जाऊ द्या, आणि अशोक सराफांना टीसी म्हणून आत शिरायला लावा. एकदा शिरले की उतरता येणार नाही.