मधला गायक : ‘श्रेक’च्या ध्वनिमुद्रिकेतील जुनी गाणी

‘श्रेक’ हा अ‍ॅनिमेशनपट मे २००१मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. विल्यम स्टाइग यांच्या १९९०च्या पुस्तकावर बेतलेल्या या चित्रपटाने परीकथांची यथेच्छ टिंगल केली आणि सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर सुरू झाले, तेव्हा त्याचा पहिला मानही मिळवला. चित्रपटाबरोबर ड्रीमवर्क्स रेकॉर्ड्सने गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. या लेखाचा विषय ती ध्वनिमुद्रिका आहे, आणि तिच्यातलीही मुख्यतः जुनी गाणी नव्या गळ्यांतून. इंग्रजीत अशा गाण्याला ‘कव्हर’ म्हणतात. मी ‘पुनर्गायन’ म्हणेन.

ध्वनिमुद्रिकेत तेरा तुकडे आहेत. त्यांपैकी सहा पुनर्गायने. ‘आय अ‍ॅम अ बिलीव्हर’ दोनदा येते, एकदा स्मॅश माउथ या बँडचे आणि एकदा गाढवाला आवाज देणाऱ्या एडी मर्फीचे. ‘बॅड रेप्युटेशन’ हे जोन जेटचे गाणे हाफकॉक्ड या बँडने गायले आहे. ‘यू बिलाँग टू मी’ हे १९५२चे गाणे जेसन वेडकडे आले आहे, मॉडर्न रोमान्सचे ‘बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज’ बहा मेनकडे आणि लेनर्ड कोहेनचे ‘हॅलेलुया’ रुफस वेनराइटकडे. नव्यांची ही निवड केवळ आवडीने झालेली दिसत नाही. वेनराइट, हाफकॉक्ड आणि वेडचा लाइफहाउस हा बँड त्या वेळी ड्रीमवर्क्स रेकॉर्ड्सचेच कलावंत होते. वेनराइटचा दुसरा अल्बम तर पुढच्याच महिन्यात यायचा होता. जुन्या लोकप्रिय गाण्याच्या खांद्यावर बसवून आपला नवा गायक जत्रा दाखवायला न्यायचा, असा हा व्यवहार होता.

व्यवहाराची दुसरी बाजू कायद्याची आहे. ध्वनिमुद्रित गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक गाण्याचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा; दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. नव्याने गाऊन घेतले की दुसऱ्या हक्कासाठी जुन्या कंपनीच्या दारात उभे राहावे लागत नाही. गीतकार-संगीतकाराचे पैसे चुकते केले की काम भागते. आधीच्या गायकाने त्या गाण्याला जो आकार दिला, जी लय, जो ठेहराव दिला, त्याचा हिशेब सहसा या वहीत येत नाही. माझा मुद्दा याच जागेपाशी सुरू होतो.

तरीही गाणी ऐकताना केवळ व्यापार ऐकू येतो असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ‘आय अ‍ॅम अ बिलीव्हर’ची निवड फार नेमकी आहे. नील डायमंडने लिहिलेले हे गाणे मंकीज या बँडने १९६६मध्ये गाजवले. प्रेम ही फक्त कथाकहाण्यांत घडणारी गोष्ट, आपल्या वाट्याची नव्हे, असे मानणारा माणूस एका दर्शनात श्रद्धाळू होतो, एवढाच त्याचा आशय. दलदलीत एकटा राहणाऱ्या, परीकथांवर चिडलेल्या राक्षसाची गोष्ट नेमकी हीच आहे. शिवाय ज्याला आपण इथे ‘मूळ’ म्हणतो ते तरी कितीसे मूळ होते? मंकीज हा बँडच मुळी एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी जुळवलेला. गाणे लिहिणारा बाहेरचा, वाजवणारे बरेचसे भाड्याने आणलेले. पडद्यासाठी बनवलेले गाणे पस्तीस वर्षांनी पुन्हा पडद्यासाठी गायले गेले, इतकेच. स्मॅश माउथने त्यात फारसे काही बदलले नाही. आवाज खरखरीत केला, गिटार पुढे आणली, बाकी इमारत तशीच ठेवली. रंगसफेदी नीट झाली आहे. नवी खिडकी मात्र कुठे उघडलेली नाही.

‘यू बिलाँग टू मी’मध्ये काहीतरी हरवतेही. जो स्टॅफर्डच्या आवाजात ते गाजले तेव्हा महायुद्ध संपून सातच वर्षे झाली होती. दूरदेशी फिरणाऱ्याला घरी राहिलेली व्यक्ती आठवण करून देते : कुठेही जा, पण तू माझा आहेस. पॉल वेस्टनच्या वाद्यवृंदासह गाणाऱ्या स्टॅफर्डचा स्वर शांत आहे आणि त्या शांतपणातच धाक आहे. वेड तेच शब्द हळुवारपणे, जवळ येऊन गातो. दूरचा प्रवास राहतो, वाट पाहण्याचा काळ निघून जातो. गाणे सुंदर राहते आणि हलके होते.

या सगळ्यांत ‘हॅलेलुया’ची कथा वेगळी आहे. कोहेनने ते १९८४च्या ‘व्हेरियस पोझिशन्स’मध्ये गायले. तो अल्बम अमेरिकेत काढायला कोलंबिया कंपनीने नकार दिला होता. पुढे वेल्समध्ये जन्मलेल्या जॉन केलने, ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’च्या एका संस्थापकाने, १९९१च्या ‘आय अ‍ॅम युअर फॅन’ या कोहेन-गौरव अल्बमसाठी ते गायला घेतले. त्याने कोहेनकडे शब्द मागितले तेव्हा फॅक्सवरून पंधरा पाने आली, असे केलने सांगितले आहे. त्या ढिगातून त्याने निवड केली. कोहेनच्या ध्वनिमुद्रणातली पहिली दोन कडवी ठेवली, शेवटची दोन काढली आणि त्यांच्या जागी वेगळी तीन घातली. वाद्यमेळ आणि समूहस्वर बाजूला सारून फक्त पियानो ठेवला.

हा बदल सजावटीचा नव्हता. कोहेनचे १९८४चे गाणे शेवटी ईश्वरासमोर जाऊन उभे राहते. सारे चुकले तरी स्तुतीचा शब्द ओठांवर घेऊन. केलचे गाणे त्या दारापर्यंत पोचतच नाही. ते दोन माणसांच्या खोलीतच थांबते, प्रेमात झालेल्या जखमांशी, आणि स्तुतीचा तोच शब्द थंड पडलेला ऐकवते. भजनाची विराणी झाली. जेफ बकलीने १९९४मध्ये गायले ते या केलच्या गाण्यावरून. वेनराइटच्या गाण्यातही कडव्यांचा क्रम केलचा आहे आणि पियानोचा सांगाडाही केलचाच.

आता चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून पाहू. पडद्यावर श्रेक आपल्या ओक्याबोक्या घरी परततो, फियोना नको असलेल्या लग्नाची तयारी करते, तेव्हा ऐकू येतो तो केलचा आवाज. ध्वनिमुद्रिकेत त्याच जागी वेनराइट आहे. चित्रपटासाठी गाणे कापलेले आहे. देहाच्या ओढीची धीट कडवी मुलांच्या चित्रपटात बसणारी नव्हती, ती गळली. ध्वनिमुद्रिकेत मात्र वेनराइट पाचही कडवी गातो. म्हणजे चित्रपटाने मुलांपासून जे झाकले, ते हिरव्या राक्षसाच्या नावाने विकलेल्या ध्वनिमुद्रिकेने त्यांच्या हाती जसेच्या तसे दिले. ध्वनिमुद्रिका ही चित्रपटाची निव्वळ आठवण असते, हा समज इथे टिकत नाही. ती स्वतंत्र कृती आहे, आणि या एका गाण्यापुरती चित्रपटाहून अधिक प्रामाणिक आहे.

पण या प्रामाणिकपणात एक नाव गहाळ झाले. गाणे कोहेनचे, गायक वेनराइट. या दोघांच्या मधे उभा असलेला केल श्रेयाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्याने शब्द लिहिले नाहीत, चाल बांधली नाही. निवडले, गाळले, क्रम लावला, वाद्ये कमी केली. समीक्षेच्या भाषेत याला अर्थनिर्णय म्हणतात. हक्कांच्या भाषेत त्याला नाव नाही. ‘श्रेक’मधून ‘हॅलेलुया’ पहिल्यांदा ऐकलेल्या पिढीला जे गाणे माहीत आहे, त्याचा अर्थ केलने ठरवलेला आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. १८८०च्या ‘शाकुंतल’पासून आपल्या संगीत नाटकांनी दुसऱ्यांच्या चाली मोकळेपणाने घेतल्या. भास्करबुवा बखल्यांनी १९१६च्या ‘स्वयंवर’साठी ख्यालाच्या बंदिशींवरून पदे बांधली. तिथे शब्द नवे आणि चाल जुनी असे. पुनर्गायनात शब्द आणि चाल दोन्ही जुनी, गळा नवा. हा फरक मला मान्य आहे. पण नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचे आरंभीचे शब्द देण्याची रीत होती. ऋण फेडता आले नाही तरी ते सांगितले जाई. वाचकाला मागच्या गाण्याकडे जाण्याची वाट राही.

आजचा कायदा नेमका उलट दिशेने जातो. २०१२च्या दुरुस्तीनंतर भारतीय प्रताधिकार कायदा अशा पुनर्गायनाला पाच वर्षांनी परवानगी देतो, वेष्टनावर तसे नमूद करायलाही सांगतो. पण आधीच्या गायकाचे नाव किंवा चित्र त्यावर छापायला मनाई करतो. हेतू चांगला आहे. थोर गायकाच्या नावावर दुसऱ्याचाच आवाज खपवला जाऊ नये, ही ग्राहकाची गरज आहे. परंतु फसवणूक टाळण्यासाठी केलेला नियम आठवणही पुसतो. ‘याने गायले आहे’ असे खोटे सांगू नये, हे ठीक. ‘याच्यावरून गायले आहे’ हे खरे सांगायला जागा का नसावी?

‘श्रेक’ची ध्वनिमुद्रिका मी आजही ऐकण्यासारखी मानतो, आणि तिच्यातले सर्वांत चांगले पुनर्गायन तेच आहे, ज्याच्या मागे आणखी एक पुनर्गायन उभे आहे. गाणे मोठे होते ते अशा मधल्या माणसांमुळे. त्यांतला प्रत्येक जण काहीतरी गाळतो, काहीतरी ठेवतो आणि पुढच्याच्या हाती देतो. मूळ कोणते आणि नक्कल कोणती, या वादात ही माणसे दोन्ही बाजूंनी वगळली जातात. त्यांच्यासाठी मोठा कायदा लागत नाही. आपल्या जुन्या नाटकवाल्यांची एक ओळ पुरते. दहाव्या गाण्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात एवढेच असायला हवे होते : चाल, जॉन केल यांची.