बर्फावरील कला आणि गुणांचा तराजू

काव्याला गुण द्यावेत काय, असा प्रश्न कोणीं विचारला तर आमचे वाचक हंसतील. अमुक कवितेला दहापैकीं सात व तमुक कवितेला साडेसात, असा निवाडा देणारा टीकाकार परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्यास योग्य. रसिकांच्या पंक्तीस त्यानें बसूं नये, असेंच आपण म्हणूं. परंतु एक कला अशी आहे कीं, जी स्पर्धेच्या तराजूंतच वाढली आणि अजूनहि बव्हंशीं त्यांतच नांदत आहे. ती म्हणजे बर्फावरील नर्तनाची कला. तिला सर्वत्र फिगर स्केटिंग ह्या नांवानें ओळखतात. ह्या कलेचे आम्ही अनेक वर्षांचे चाहते आहों. तिच्या स्पर्धांतील जे क्षण आमच्या मनांत कायमचे घर करून बसले आहेत ते एकत्र आठवूं लागलों, म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. त्यांतील निम्म्याहून अधिक क्षण अशांचे आहेत कीं, ज्यांना त्या दिवशीं सुवर्णपदक मिळालें नाहीं. असें कां व्हावें, आणि ज्या स्पर्धेनें त्यांना हरविलें तिच्यावांचून हे क्षण निर्माण तरी झाले असते काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम ह्या कलेच्या साधनाची थोडी ओळख हवी. बुटाच्या तळाशीं बसविलेलें पोलादी पातें जेमतेम चार-पांच मिलिमीटर रुंद असतें. त्याच्या मधोमध लांबट पन्हळ असल्यामुळें त्याला आंतली व बाहेरची अशा दोन कडा पडतात. आणि कोणत्या कडेवर, पुढें जातांना कीं मागें जातांना, शरीराचा भार टाकावयाचा ह्यावर सारें अवलंबून असतें. उड्या निरनिराळ्या आहेत व त्यांपैकीं कांहींना त्यांच्या आद्य कर्त्यांचीं नांवें मिळालीं आहेत. त्यांत ॲक्सेल ही सर्वांत अवघड. ॲक्सेल पॉल्सन नांवाच्या नॉर्वेजियन गृहस्थानें ती १८८२ सालीं प्रथम करून दाखविली. इतर उड्या पाठमोऱ्या घेतात. ही समोर तोंड करून घ्यावयाची, आणि उतरावयाचें मात्र पाठमोरेंच. म्हणून तिला अर्धी गिरकी अधिक लागते. तिहेरी ॲक्सेल म्हणजे हवेंत साडेतीन गिरक्या, त्याहि सेकंदाहून कमी वेळांत. आणि उतरावयाचें तें एकाच पायावर, एकाच कडेवर, मागें सरकत. गवई अवघड तान घेऊन समेकडे वळतो त्या वेळीं मैफिलींतील प्रत्येकाचा श्वास क्षणभर थांबतो. येथें सम चुकली तर सबंध देह बर्फावर आदळतो, एवढाच काय तो फरक.

'फिगर' म्हणजे आकृति. पात्यानें बर्फावर वर्तुळें व इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखीं वळणें कोरावयाचीं आणि परीक्षकांनीं त्या रेघा तपासावयाच्या, हा ह्या स्पर्धेचा मूळ भाग होता. तो १९९० सालापर्यंत चालला. पूर्वीं त्याला इतकें वजन असे कीं, १९७२ सालच्या साप्पोरो येथील ऑलिंपिकमध्यें ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शूबा मुक्त नर्तनांत सातवी येऊनहि केवळ आकृतींच्या बळावर सुवर्णपदकाची धनीण झाली. त्याच स्पर्धेंत जॅनेट लिन ही अमेरिकन मुलगी एका गिरकींत घसरून बर्फावर बसली, हंसली, आणि जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी संगीताबरोबर पुढें निघाली. तिला कांस्यपदक मिळालें. परंतु जपानी प्रेक्षक तें हास्य पुढें कित्येक वर्षें विसरले नाहींत. शूबाच्या रेघा उत्कृष्ट होत्या आणि तत्कालीन नियमांप्रमाणें तिचा विजयहि न्याय्य होता. पण रेघा बर्फाबरोबर पुसल्या गेल्या आणि हास्य राहिलें. तराजू व स्मृति ह्यांचा तंटा असा जुना आहे.

तथापि नियम म्हणजे कलेचा वैरी, असें मानणाऱ्यांस आमची संमति नाहीं. वृत्ताचें बंधन पाळूनच आमच्या पंडित कवींनीं आपली वाणी खुलविली. बंधनानें गुदमरतो तो कवि मुळांतच दुबळा. ह्याचें बर्फावरील उत्तम उदाहरण म्हणजे १४ फेब्रुवारी १९८४ चा दिवस. स्थळ साराएव्हो, नर्तक इंग्लंडांतील नॉटिंगहॅम शहराचे जेन टॉरव्हिल व ख्रिस्तोफर डीन. ती पूर्वीं विमा कचेरींत कारकून, तो पोलिस शिपाई. त्यांनीं निवडलें राव्हेल ह्या फ्रेंच संगीतकाराचें १९२८ सालचें 'बोलेरो'. एकच ताल, तेच सूर, फिरून फिरून, प्रत्येक आवर्तनाला थोडे अधिक चढत जाणारे, अशी ती पाऊण तासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी लांब रचना. नियमाप्रमाणें नृत्याला चार मिनिटें व वर फार तर दहा सेकंद मिळत. पुष्कळ कांटछांट करूनहि संगीत चार मिनिटें अठ्ठावीस सेकंदांखालीं उतरेना. परंतु घड्याळ सुरू होई तें पातें बर्फावर चालूं लागल्यापासून. म्हणून ह्या दोघांनीं प्रारंभ केला तो गुडघ्यांवर बसून. पातीं बर्फाला न टेकवितां, केवळ हात, मान व धड ह्यांच्या डोलण्यानें पहिले अठरा सेकंद त्यांनीं भरून काढले.

ही नियमांतील पळवाट होती, असें कोणी म्हणेल. असेल, परंतु तिचें कलेंत काय झालें तें पाहावें. ज्या नृत्याचा शेवट दोघांच्या बर्फावर कोसळण्यांत व्हावयाचा आहे, त्याचा आरंभहि बर्फाला बिलगूनच झाला. आदि आणि अंत एकमेकांना भेटले. नियम नसता तर हा आरंभ त्यांना सुचला असता कीं नाहीं, ह्याची आम्हांस शंका आहे. त्या वेळीं सहा हा गुणांचा कळस असे. कलात्मकतेसाठीं नऊच्या नऊ परीक्षकांनीं त्यांना सहा गुण दिले. तराजू व स्मृति ह्यांचें एकमत झाल्याचा असा योग विरळाच.

एकमत न झाल्याचीं उदाहरणें मात्र पुष्कळ. १९९२ सालीं आल्बेरव्हिल येथें जपानच्या मिदोरी इतोवर साऱ्या देशाची आशा खिळली होती. १९८९ सालीं ती जगज्जेती झाली होती व आशियाला तो मान तिनेंच प्रथम मिळवून दिला होता. पण येथें पहिल्याच भागांत ती पडली आणि चौथ्या क्रमांकावर गेली. मुक्त नर्तनांत आरंभींच तिनें तिहेरी ॲक्सेल घेतली, पुन्हां पडली. शहाणपणा असा सांगतो कीं, आतां सोपें करावें व उरलेलें पदरांत पाडून घ्यावें. तिनें तसें केलें नाहीं. कार्यक्रमाच्या उत्तरार्धांत, पाय थकलेले असतां, तिनें तीच उडी पुन्हां घेतली आणि ती साधली. ऑलिंपिकमध्यें कोणत्याहि स्त्रीनें साधलेली ती पहिली तिहेरी ॲक्सेल. सुवर्णपदक अमेरिकेच्या क्रिस्टी यामागुचीस गेलें, आणि तें योग्यच झालें, कारण तिचें नर्तन अधिक सुघटित होतें. इतोला रौप्यपदक मिळालें. आमच्या दृष्टीनें ह्या प्रसंगाचें मर्म त्या दुसऱ्या उडीआधींच्या निर्धारांत आहे. आधीं पतन झालें नसतें तर तीच उडी केवळ कौशल्य ठरली असती. पतनानंतर ती वीररसाला पोंचली. आणि ही किंमत गुणपत्रिकेंत लिहिण्याची सोय नाहीं, कारण तींत प्रत्येक उडी निराळी मोजतात.

कधीं कधीं तर जिंकण्याचा प्रश्नच नसतो. साराएव्होच्या ज्या क्रीडागृहांत 'बोलेरो' झालें, तेथेंच पूर्व जर्मनीच्या काटारिना व्हिट हिनें आपलें पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविलें होतें. दुसरें तिनें १९८८ सालीं कॅल्गरीस घेतलें. १९९४ सालीं लिलहामरला ती परत आली, तेव्हां साराएव्हो वेढ्यांत होतें व तोफांखालीं भाजून निघत होतें. व्हिटनें युद्धाविरुद्धच्या एका प्रसिद्ध गीताच्या सुरांवर नृत्य केलें व तें त्या शहराला वाहिलें. तिच्या उड्या तरुण मुलींच्या मानानें सोप्या होत्या. ती सातवी आली. त्यांत अन्याय कांहींच झाला नाहीं. पण ज्या बर्फानें आपल्याला कीर्ति दिली त्याचें ऋण फेडण्यास ती स्पर्धेच्या भर दरबारांत उभी राहिली, हें औचित्य कोणत्या रकान्यांत मांडणार?

ह्याच्या उलट टोकाचा क्षण फ्रान्सच्या सूर्या बोनालीचा. पांच वेळां युरोपची विजेती व तीन वेळां जगांत दुसरी आलेली ही अत्यंत बलवान नर्तकी १९९८ सालीं नागानोस दुखापत घेऊन उतरली. विजयाची आशा मावळल्यावर तिनें मागच्या मागें कोलांटउडी घेतली आणि ती एका पायावर उतरली. १९७६ सालच्या ऑलिंपिकनंतर ह्या कोलांटउडीला स्पर्धेंत बंदी होती. परीक्षकांनीं गुण कापले. ती दहावी आली. ह्या क्षणाची गणना आम्ही आवडत्यांत करतों, तथापि टॉरव्हिल व डीन ह्यांच्याहून त्याची जात निराळी आहे, हेंहि सांगणें अवश्य आहे. त्यांनीं नियमाला वांकवून त्याचें भूषण केलें. बोनालीनें तो मोडला आणि त्या मोडण्यालाच अर्थ दिला. २०२४ सालीं ही बंदी उठली. आतां नवे खेळाडू ती उडी उघडपणें घेतात, टाळ्याहि पडतात. उडी तीच, परंतु बंडाची धग तींत राहिली नाहीं.

येथवर वाचून, परीक्षकांना सुट्टीच द्यावी असा आमचा अभिप्राय आहे, असें कोणी समजूं नये. तराजू खोटा झाला म्हणजे काय होतें, तें २००२ सालीं सॉल्ट लेक सिटी येथें जगानें पाहिलें. जोडीच्या नर्तनांत रशियन जोडीला सुवर्णपदक मिळालें. लगेच एका परीक्षकावर दबाव आल्याचा बोभाटा झाला आणि शेवटीं कॅनडाच्या जोडीलाहि सुवर्णपदक द्यावें लागलें. दोन्ही जोड्यांचें नर्तन सुंदर होतें, पण चर्चा राहिली ती परीक्षकांची. ह्यानंतर सहा गुणांची जुनी रीत गेली आणि २००४ सालीं नवी पद्धति आली. तींत प्रत्येक उडीला, गिरकीला व पदन्यासाला मोल ठरलेलें असतें, तें कमीअधिक करतात, सादरीकरणाचे गुण निराळे देतात व सर्वांची बेरीज करतात. हिशेब चोख झाला. परंतु हिशेबाबरोबर एक भय आलें: ज्याला मोल नाहीं, तें करावयास वेळ कोण काढील?

ह्याचें पहिलें उत्तर २००६ सालीं तुरीन येथें शिझुका अराकावा हिनें दिलें. दोन्ही पाय समांतर रेषांवर, पण पावलें विरुद्ध दिशांना वळवून, पाठ मागें कमानीसारखी वांकवीत ती बर्फभर वाहत गेली. इना बाउअर ह्या जर्मन खेळाडूच्या नांवानें ही मुद्रा ओळखली जाते. नव्या पद्धतींत तिला स्वतंत्र मोल नव्हतें; हें ठाऊक असूनहि अराकावानें तिच्यावर आपले अमूल्य सेकंद खर्च केले. जपानला ह्या खेळांतील पहिलें ऑलिंपिक सुवर्णपदक मिळालें आणि लोकांच्या डोळ्यांपुढें राहिली ती हीच बिनमोलाची कमान.

आणि आतां आमचा सर्वांत आवडता क्षण. माओ आसादा हिला २०१० सालीं व्हँकुव्हर येथें रौप्यपदक मिळालें होतें. २०१४ सालीं सोची येथें पहिल्या दिवशीं तिची तिहेरी ॲक्सेल फसली, पुढचेंहि बिघडलें आणि ती सोळाव्या क्रमांकावर फेंकली गेली. पदकाचें दार बंद झालें. दुसऱ्या दिवशीं राख्मानिनॉव्हच्या दुसऱ्या पियानो कॉन्चेर्टोवर ती उभी राहिली. आदल्या रात्रीं फसलेली ॲक्सेल तिनें प्रथमच घेतली व साधली. मागोमाग उड्या येत गेल्या. एकंदर आठ तिहेरी उड्या तिनें घेतल्या व एकदांहि ती पडली नाहीं. संगीत थांबलें तेव्हां मान वर करून ती रडली. त्या दिवशींच्या १४२.७१ गुणांनीं मुक्त नर्तनांत ती तिसरी ठरली, पण एकंदरींत सहावी.

ह्यावर आक्षेप असा येतो कीं, गमावण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणूनच तिला हें जमलें. आम्हांस हा आक्षेप उथळ वाटतो. पदक नाहीं हें ठाऊक असतां मनुष्य बहुधा हात झटकून मोकळा होतो; सर्वांत अवघड मार्ग तो पुन्हां निवडीत नाहीं. शिवाय दुसऱ्या दिवसाचें सौंदर्य पहिल्या दिवसाच्या पराभवावर उभें आहे. हेंच नृत्य तिनें एखाद्या प्रदर्शनांत केलें असतें, तर आपण 'छान' म्हणून घरीं गेलों असतों. पडण्याचें भय, एकच संधि, परक्यांचा निवाडा, हें सारें स्पर्धा पुरविते. आणि त्याच मातींतून असा क्षण उगवतो. म्हणजे ज्या तराजूला तो क्षण तोलतां येत नाहीं, त्या तराजूवांचून तो जन्मालाहि येत नाहीं. आरंभीं काढलेल्या प्रश्नाचें आमचें उत्तर हें असें आहे.

सप्टेंबर २०२२ मध्यें अमेरिकेच्या इल्या मालिनिननें चौपदरी ॲक्सेल, म्हणजे साडेचार गिरक्यांची उडी, स्पर्धेंत प्रथमच साधली. हा पराक्रम अद्भुत आहे आणि त्याला मोठे गुण मिळणें योग्यच आहे. गिरक्या मोजणें हें परीक्षकांचें काम. तें त्यांनीं निःपक्षपातानें करावें. मात्र मोजतां येत नाहीं तें ओळखणें हें प्रेक्षकांचें काम आहे, व तें त्यांनीं परीक्षकांवर सोंपवूं नये. नर्तन संपल्यावर आणि गुण जाहीर होण्यापूर्वीं दोन-तीन मिनिटें मिळतात. आमच्या वाचकांनीं पुढील स्पर्धा पाहतांना तेवढ्या वेळांत आपला निवाडा मनाशीं करून टाकावा. मग फलकावर कोणताहि आंकडा येवो.